पाकीट फेकायचं नाही! अमेरिकेतले मायनिंग क्लेम आणि माझी पहिली सरकारी नोकरी

नोकरीचा तिसरा आठवडा असेल. सकाळचं टपाल माझ्या टेबलावर आलं, मी एकेक पाकीट फोडत होते, आतले कागद नि चेक काढायचे, कागदावर तारखेचा शिक्का मारायचा आणि रिकामं पाकीट खाली रद्दीच्या डब्यात. चाळीसेक पाकिटं झाली असतील तेवढ्यात माझी सीनियर मागून आली, डब्यात बघितलं, आणि एक शब्द न बोलता गुडघे टेकून ती पाकिटं बाहेर काढायला लागली. मग आम्ही दोघी पुढचा दीड तास कुठलं पाकीट कुठल्या कागदाचं ते जुळवत बसलो. तिने एवढंच सांगितलं, "चेक हरवला तर दुसरा मागवता येतो. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का परत मागवता येत नाही."

का ते पुढे येईलच. आधी मी नक्की करते काय ते सांगते, कारण घरी फोन केला की सगळ्यांना वाटतं मी खाणीत जाते. खाण मी आतून एकदाही बघितलेली नाही. सिटिझनशिप मिळाल्यावर मला पश्चिमेकडच्या एका राज्यात ही नोकरी लागली, पद लँड लॉ एक्झामिनर. नावात लॉ असलं तरी वकिलीची पदवी लागत नाही, केंद्र सरकारच्या पगारश्रेणीत ५ किंवा ७ नंबरपासून सुरुवात होते आणि काम म्हणजे थोडं तलाठ्याचं, थोडं रजिस्ट्रार ऑफिसमधल्या क्लार्कचं, थोडं नकाशा वाचणाऱ्याचं.

जमीन कुठली? अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे पश्चिमेत अफाट जमीन आहे, त्यातली जवळपास साडेचोवीस कोटी एकर एकटं ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट सांभाळतं, सगळे बीएलएमच म्हणतात त्याला, माझं ऑफिस त्याचंच. म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. बरीचशी माळरान, वाळवंट, डोंगर. ही "सरकारी" कशी झाली तो एक वेगळाच विषय, नेवाडा राज्यातले मूळचे आदिवासी, वेस्टर्न शोशोनी लोक, १८६३ चा रुबी व्हॅलीचा तह दाखवून आजही सांगतात की ही जमीन आम्ही कधी विकलीच नाही. मी रोज ज्या नकाशावर काम करते त्यावर "युनायटेड स्टेट्स" असं लिहिलेलं असतं, ते वाचताना हे डोक्याच्या मागे असतंच.

आता गंमत अशी की या जमिनीवर सोनं, चांदी, तांबं, लिथियम असलं काही सापडलं तर सरकारची परवानगी न मागता तुम्ही जाऊन खुंट्या ठोकू शकता आणि म्हणू शकता की ही जागा माझी, यालाच मायनिंग क्लेम म्हणतात. अर्ज नाही, लिलाव नाही, टेंडर नाही. आधी खुंटी, मग कागद. मला पण ट्रेनिंगमध्ये हे पहिल्यांदा ऐकताना वाटलं की आपलं ऐकण्यात चुकतंय.

याचं मूळ १८४८ मध्ये आहे. जानेवारीत कॅलिफोर्नियात सटर्स मिल इथे सोनं सापडलं, आणि त्यानंतर नऊच दिवसांत मेक्सिकोने तहात कॅलिफोर्निया अमेरिकेला देऊन टाकला. मग हजारो माणसं धावली, कायदा कसलाच नव्हता, तर खाणवाल्यांनी आपापल्या छावणीत बसून नियम केले: एका माणसाने किती जागा धरायची, खूण कशी करायची, आणि काम थांबवलं तर जागा गेली. जो पहिला आला त्याची. सरकारने नंतर हेच नियम उचलून कायद्यात घातले, आधी १८६६, मग १८७०, आणि शेवटी १० मे १८७२ ला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सही केलेला जनरल मायनिंग लॉ. तो आजही चालू आहे. माझ्या टेबलावर लिथियमचे कागद येतात, बॅटरीवाल्या गाड्यांसाठीचं लिथियम, आणि त्यांना लावायचा कायदा घोडागाडीच्या जमान्यातला.

सगळीच खनिजं मात्र यात येत नाहीत. कोळसा, तेल, गॅस यांना १९२० च्या कायद्याने भाडेपट्टा लागतो. साधी वाळू, खडी, मुरूम सरकार विकतं. क्लेम ठोकता येतो तो उरलेल्यांवर, म्हणजे मुख्यतः धातू आणि काही खास खनिजं.

क्लेमचे दोन मुख्य प्रकार. खडकात शीर असेल, म्हणजे दगडाच्या भेगेत खनिज भरलेलं, तर तो लोड क्लेम, जास्तीत जास्त १५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद. हिशोब केला तर साडेवीस एकरांच्या जरा वर, आपल्या भाषेत ८२६ गुंठे. आणि नदीच्या गाळात, रेतीत, मोकळ्या मातीत विखुरलेलं असेल तर प्लेसर क्लेम, माणशी २० एकर, आठ जणांनी मिळून केला तर १६० एकरांपर्यंत. गुंठ्यावरून आठवलं, आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, आणि अमेरिकेची ही सगळी जमीन ज्या गंटर साखळीने मोजली ती ६६ फुटांची, बरोबर दुप्पट. इंग्रजांचीच साखळी दोन्हीकडे फिरली. ४० गुंठ्यांचा एकर डोक्यात पक्का असल्यामुळे मला पहिल्या आठवड्यात जरा भाव मिळाला ऑफिसात, तेवढाच.

नकाशा वाचायला मात्र मला महिने लागले. इथली जमीन १७८५ च्या कायद्यापासून चौकोनांत कापलेली आहे. सहा मैल बाय सहा मैलांचा एक टाउनशिप, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. सेक्शनचे नंबर सापशिडीच्या पटासारखे, फक्त सुरुवात वर उजव्या कोपऱ्यातून: १ ते ६ डावीकडे जायचं, ६ च्या खाली ७, तिथून उजवीकडे १२ पर्यंत, पुन्हा वळायचं, असं करत ३६ ला खाली उजव्या कोपऱ्यात. मग सेक्शनचे चार तुकडे १६० चे, त्यांचे चार ४० चे, त्याचा अर्धा २० चा. म्हणून प्लेसर क्लेमचं वर्णन असं येतं, "पूर्व अर्धा, ईशान्य चतुर्थांश, ईशान्य चतुर्थांश, सेक्शन १२." हे शेवटून वाचायचं, पोस्टमन पत्ता वाचतो तसं, आधी गाव, मग गल्ली, मग खोली नंबर.

ही सापशिडी किती महागात पडू शकते त्याचा एक किस्सा. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा कागद आला, सेक्शन ७. मी मास्टर टायटल प्लॅट उघडला, म्हणजे प्रत्येक टाउनशिपचा एक मुख्य नकाशा असतो ज्यावर कुठला तुकडा सरकारी, कुठला खाजगी, कुठला राखीव हे सगळं चढवलेलं असतं, आपल्या सातबारा आणि गटनकाशाचं मिश्रण समजा. सेक्शन ७ खाजगी निघाला. त्या भागात १८६२ च्या कायद्याने रेल्वे कंपनीला रुळाच्या दोन्ही बाजूंचे विषम नंबरचे सेक्शन दिले होते, सम सरकारकडे राहिले, त्यामुळे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. खाजगी जमिनीवर ठोकलेला क्लेम म्हणजे जन्मतःच रद्द. मी पत्राचा मसुदा पण लिहिला. मग त्यांनी सोबत हाताने काढलेला नकाशा होता तो बघितला, त्यात एक ओढा आणि जुना रस्ता दाखवला होता, आणि ते दोन्ही तर सेक्शन १२ मध्ये आहेत! आजोबांनी दुसरी ओळ पण उजवीकडूनच मोजली होती. प्रत्यक्षात ते सरकारी जमिनीवर होते, कागदावर पाच मैल पश्चिमेला. मग रद्द करण्याऐवजी दुरुस्तीचं पत्र गेलं, त्यांनी सुधारून पाठवलं, काम झालं. तेव्हापासून मी आधी नकाशा बघते, मग अक्षरं.

तर कागद आला की मी क्रमाने काय बघते: क्लेम ठोकल्याच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत आमच्याकडे आलाय का, जिल्ह्याच्या म्हणजे काउंटीच्या रेकॉर्डरकडे नोंदवलेली प्रत आहे का, पैसे पुरे आहेत का, आणि त्या तारखेला ती जमीन क्लेमसाठी खुली होती का. राष्ट्रीय उद्यान, लष्कराची जागा, राखीव रान असेल तर नाही. २०१२ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या आजूबाजूची साधारण दहा लाख एकर जमीन वीस वर्षांसाठी नव्या क्लेमना बंद केली, तसं. कधी वरची जमीन शेतकऱ्याची आणि खालचं खनिज सरकारचं असाही प्रकार असतो, १९१६ च्या एका कायद्याने गुरं पाळायला जमिनी दिल्या तेव्हा सरकारने खनिज स्वतःकडे ठेवलं, तिथे आधी मालकाला नोटीस द्यावी लागते. बारीकसारीक चूक असेल तर ३० दिवसांची मुदत देऊन पोचपावतीचं पत्र जातं. फी भरलीच नाही किंवा तारीख चुकली तर मात्र दुरुस्ती नाही, निर्णय जातो, आणि तो मान्य नसेल तर अपील बोर्डाकडे जायला ३० दिवस.

यात मी एक गोष्ट बघतच नाही, लक्षात आलं का? तिथे सोनं आहे की नाही ते.

ही गोष्ट लोकांना पटवायला सगळ्यात जड जाते. फोनवर माणसं म्हणतात, सरकारने माझा क्लेम मंजूर केला. नाही हो. सरकारने तुमचा कागद नोंदवला. आपल्याकडे कोर्ट वर्षानुवर्षं सांगतंय की फेरफार नोंद ही महसुलापुरती, त्याने मालकी ठरत नाही, तरी लोक सातबारा छातीशी धरून बसतात, अगदी तेच. क्लेम खरा ठरायला "शोध" लागलेला असावा लागतो, आणि शोध म्हणजे काय याची कसोटी १८९४ च्या एका निकालात घातली गेली: एखादा शहाणा माणूस इथे आपला वेळ आणि पैसा घालेल का, फायद्याची खाण होईल अशी रास्त आशा आहे का. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यात भर घातली की माल नफ्यात विकता यायला हवा. पण ही तपासणी भूगर्भतज्ज्ञ जाऊन करतात आणि ती क्वचित होते, म्हणजे जमीन नंतर राखीव झाली आणि जुना क्लेमवाला म्हणतोय माझा हक्क आधीचा, अशा वेळी. बाकी हजारो क्लेम नोंदीत असतात, ते खरे आहेत का कुणी विचारलेलं नसतं.

त्याहून गमतीचं म्हणजे एकाच जागेवर दोघांनी क्लेम ठोकले तर? मला वाटायचं आम्ही दुसऱ्याला परत पाठवत असू. नाही. दोन्ही नोंदवतो, दोघांकडून फी घेतो, आणि भांडण असेल तर राज्याच्या कोर्टात जा म्हणतो. मी सीनियरला विचारलं हे बरोबर आहे का, ती म्हणाली बरोबर आहे की नाही माहीत नाही, कायदेशीर आहे.

आता तारखा, म्हणजे पाकिटाची गोष्ट.

१९७६ पर्यंत क्लेम फक्त काउंटीत नोंदवायचे, त्यामुळे केंद्र सरकारला स्वतःच्या जमिनीवर किती क्लेम आहेत हेच माहीत नव्हतं. मग त्या वर्षी नवा कायदा आला, जुन्या सगळ्यांनी १९७९ च्या ऑक्टोबरपर्यंत बीएलएमकडे नोंद करा आणि दरवर्षी "३१ डिसेंबरच्या आधी" एक कागद द्या की आम्ही अजून आहोत. आता हे परत वाचा. ३१ डिसेंबरच्या आधी. म्हणजे ३० तारखेपर्यंत! नेवाडात ईलीजवळ लॉक कुटुंबाचे दहा क्लेम होते, खडी आणि बांधकामाचा माल काढायचे, तोपर्यंत चाळीस लाख डॉलरच्या आसपास माल काढला होता, म्हणजे हौशी नव्हेत, पोटापाण्याचा धंदा. त्यांच्या मुलीने स्थानिक ऑफिसात विचारलं तेव्हा ३१ ला दिलं तरी चालेल असं उत्तर मिळालं. १९८० च्या ३१ डिसेंबरला त्यांनी कागद दिला. एक दिवस उशीर, दहाही क्लेम गेले. बरं पुन्हा खुंट्या ठोकायची सोयही नाही, कारण साधी खडी १९५५ पासून क्लेममधून बाहेर काढलेली, त्यांचे क्लेम त्याच्या आधीचे म्हणून चालत होते. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९८५ मध्ये सहा विरुद्ध तीनने निकाल सरकारच्या बाजूने लागला: शब्द स्पष्ट आहेत, मुदत म्हणजे मुदत. विरोधातल्या न्यायाधीशांचं म्हणणं होतं की काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, आपली पार्टी नव्हे, वर्षाअखेरच म्हणायचं असणार, लिहिताना गडबड झाली. मला विचाराल तर ते तिघं बरोबर होते. पण ट्रेनिंगमध्ये ही केस नव्या माणसाला शिकवतात ती सहानुभूतीसाठी नाही, काउंटरवर तोंडाला येईल ती तारीख सांगू नये म्हणून.

आता मुख्य मुदत १ सप्टेंबरची आहे. प्रत्येक क्लेममागे वर्षाला २०० डॉलर देखभाल फी, प्लेसर असेल तर दर २० एकरांना २००. नव्या क्लेमला एकदाच ४९ डॉलर लोकेशन फी आणि थोडी प्रोसेसिंग फी वेगळी. मोठ्या कंपन्यांचे हजारो क्लेम असतात, त्यांची एकच यादी येते आणि एक भलामोठा पेमेंट, त्यात एक नंबर जरी सुटला तर तो क्लेम गेला, मग मी बोट ठेवून ओळ न् ओळ जुळवते. आणि छोटा माणूस, ज्याच्याकडे दहा किंवा कमी क्लेम आहेत, त्याला फी माफ होऊ शकते, बदल्यात प्रत्येक क्लेमवर वर्षाला १०० डॉलरचं काम करायचं. हे १०० डॉलर १८७२ मध्ये ठरलेले, अजून १००च आहेत. तेव्हा ती महिन्याभराची मजुरी असेल, आज एका दिवसाच्या जेसीबीचं पण भागत नाही. पण सापळा वेगळाच आहे: माफीचा अर्ज १ सप्टेंबरपर्यंत द्यायचा, आणि काम केल्याचं प्रतिज्ञापत्र नंतर ३० डिसेंबरपर्यंत. लोक पहिलं करतात नि दुसरं विसरतात. ख्रिसमस असतो, नातवंडं आलेली असतात. जानेवारीतली माझी सगळ्यात वाईट पत्रं हीच.

आणि पाकीट? नियम असा की पोस्टाचा शिक्का मुदतीच्या आतला असेल आणि कागद पुढच्या १५ दिवसांत पोचला तर तो वेळेत आला असं धरायचं. म्हणजे ४ सप्टेंबरला आलेला कागद वेळेत आहे की नाही हे फक्त पाकीट सांगतं. २०२५ मध्ये तर १ सप्टेंबरलाच लेबर डेची सुट्टी आली, ऑफिस बंद असलं की मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर जाते, त्यात अजून घोळ. म्हणून आम्ही पाकीट कागदाला स्टेपल करून फाईलला लावतो. त्या दिवशी मी रद्दीत टाकलेल्या चाळीस पाकिटांपैकी एकाचा शिक्का अगदी शेवटच्या दिवसाचा होता. ते सापडलं नसतं तर माझ्या रद्दीच्या सवयीने एखाद्याचा क्लेम गेला असता आणि त्याला कधी कळलंही नसतं की का.

पैशांचं बोलायचं तर एक गोष्ट सांगायलाच हवी. फी सोडली तर या जमिनीतून काढलेल्या सोन्यावर केंद्र सरकारला रॉयल्टी मिळते शून्य. तेल-कोळशावर मिळते, सोन्यावर नाही. वर पूर्वी क्लेमची जमीन कायमची विकत पण घेता यायची, लोडला एकरी ५ डॉलर, प्लेसरला अडीच. १९९४ च्या मे महिन्यात गृहखात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांना, आपल्यासारखं पोलिसांचं नव्हे, तिथलं गृहखातं जमिनींचं, कोर्टाच्या आदेशामुळे नेवाडातली १,९४९ एकर जमीन अमेरिकन बॅरिक कंपनीला १० हजार डॉलरहून कमी पैशांत द्यावी लागली. खाली अंदाजे १० अब्ज डॉलरचं सोनं होतं. त्यांनी सही करताना जाहीर संताप व्यक्त केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून नवीन विक्रीचे अर्ज बंद झाले, दरवर्षी ती बंदी वाढवतात. मला ही रॉयल्टीची सूट अन्यायाची वाटते, पण माझ्या टेबलावर माझ्या मताला रकाना नाही.

आपल्याकडे असं काही होतं का? गोव्यात जवळपास होतं. पोर्तुगीजांच्या काळात खाणींचे जवळजवळ कायमचे परवाने दिलेले, १९८७ च्या कायद्याने त्यांचे भाडेपट्टे केले, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. तिथे वाद संपलेल्या पट्ट्यांचं पुन्हा नूतनीकरण करता येतं का याचा. भारतात २०१५ पासून मोठी खनिजं मुख्यतः लिलावाने जातात, खुंटी ठोकून कुणी काही मिळवत नाही.

आता शेवटचं, कारण हा प्रश्न मला सांगलीच्या मावसभावाने विचारला म्हणून हे सगळं लिहायला बसले. त्याला ऑनलाईन जाहिरात दिसली, अमेरिकेत २० एकर गोल्ड क्लेम, काही हजार डॉलर, फोटोत ओढा नि पाईनची झाडं. दादा, ती जमीन तुझी होत नाही. खनिज शोधायचा आणि काढायचा हक्क मिळतो, तोही खरा असेल तर. घर बांधून राहता येत नाही, ९० दिवसांत १४ दिवसांच्या वर मुक्काम करायचा तर खाणकामाचं खरं कारण दाखवून परवानगी लागते. मशीन लावून नुसतं शोधासाठी खणायचं तर पाच एकरांपर्यंत नोटीस, त्यापुढे किंवा प्रत्यक्ष खाण काढायची तर पूर्ण आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि दोन्हीला जागा पूर्ववत करण्याची रक्कम आधी ठेवावी लागते. विकणाऱ्याने सप्टेंबरची फी भरली का तेही बघावं लागेल, नाहीतर तू मेलेला क्लेम विकत घेशील. आणि मुळात क्लेम धरायला अमेरिकेचा नागरिक लागतो, किंवा नागरिक व्हायचा इरादा रीतसर जाहीर केलेला माणूस, किंवा तिथे नोंदलेली कंपनी. एच-वन व्हिसावरच्या तुझ्या त्या मित्राच्या नावावर पण होणार नाही.

त्याने उत्तर पाठवलं, "मग सीरियल नंबर देतो, बघून सांग ना."

बघितलं. नोंदी सगळ्यांसाठी खुल्या असतात, घरबसल्या कुणीही बघू शकतं. क्लेम मागच्याच सप्टेंबरात बंद झालेला होता.